मास्तरचा हिवाळा

धामणगाव बढ्यात शालिग्रामला सगळे मास्तर म्हणत, पण त्याने आयुष्यात एकही वर्ग शिकवला नव्हता. तो पंचायतीचं वाचनालय सांभाळायचा. वाचनालय म्हणजे चावडीला लागून एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल आणि एसटीने दुपारी येणारं आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र. बुलढाण्याला राहून तो इंग्रजी घेऊन मॅट्रिक झाला होता. मराठी भाषकांचं नवं राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती आणि गावात तेवढं इंग्रजी दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. तार आली, डॉक्टरने दिलेली बाटली आली, कपाशीवर मारायच्या औषधाचा डबा आला, की लोक म्हणायचे, "मास्तरले दाखवा."

एरवी शालिग्राम चारचौघांत तोंड उघडायचा नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने त्याला वगळलं तर तो हाक मारायचा नाही, पाणी पिऊन उठायचा. पण हातात इंग्रजी कागद आला, चष्मा नाकावर चढला आणि माणसं गप्प होऊन त्याच्या तोंडाकडे पाहू लागली, की त्याचा आवाज बदलायचा. त्याचा त्यालाच ओळखू येऊ नये इतका ठाम व्हायचा. ते थोडे क्षण त्याला फार आवडत. आवडतात हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोला, सरस्वतीबाईलाही नाही.

धाकटा भाऊ निवृत्ती अगदी उलट. त्याची शाळा लवकर सुटली. विहिरींवर ऑइल इंजिनं बसू लागली तेव्हा तो मलकापूरला एका मिस्त्र्याकडे राहून काम शिकला आणि स्टँडजवळ टिनाचं दुकान टाकून बसला. आसपासच्या शिवारात कुठेही इंजिन बंद पडलं, की निवृत्तीला बोलावणं यायचं. दोघा भावांचं घर एक, चूल एक. एखाद्या खोक्यावर इंग्रजीत काही छापलेलं असलं की निवृत्ती ते काखेत मारून वाचनालयात यायचा. दादा सांगेल ते त्याला पुरे. दुसऱ्यांदा विचारायची त्याला सवयच नव्हती.

त्या वर्षी पौषात पंजाबरावाने मोटारसायकल आणली.

पंजाबराव गावातला मोठा कास्तकार. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने मिलिटरीच्या लिलावात घेतलेल्या जुन्या गाड्यांतली ही एक त्याला विकली होती. विलायती बनावटीची, शेवाळी रंगाची, बसायला घोड्यासारखी उंच. ती सुरू झाली की गोठ्यातल्या म्हशी दावं ताणायच्या. व्यापाऱ्याने निघताना बजावलं होतं, की आधी इंजिनातलं तेल बदलून घ्या, आणि कोणतं घालायचं ते गाडीसोबतच्या पुस्तकात पाहा. पुस्तक इंग्रजीत होतं. म्हणून सकाळीच मास्तरला बोलावणं आलं.

गारठा असा होता की पंजाबरावाच्या ओसरीपुढे शेकोटी पेटवून अर्धं गाव तिच्याभोवती बसलं होतं. कडूबाने नाकापर्यंत घोंगडं ओढून घेतलं होतं. तोंड मात्र उघडं ठेवलं होतं, कारण कडूबाला बोलल्याशिवाय राहवत नसे. निवृत्ती पान्हे मांडून गाडीजवळ उकिडवा बसला होता.

"वाचा मास्तर," पंजाबराव म्हणाला. "मोठ्यानं वाचा. साऱ्याइले आयकू द्या."

शालिग्रामने शाल सावरली आणि तेलाचं पान काढलं. एक तक्ता होता. वर व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, असा शब्द होता. तो त्याने मागेच निवृत्तीच्या एका डब्यावरून कोशात पाहून ठेवला होता, म्हणून आवाज नेहमीपेक्षाही खणखणीत लागला.

"तेलाला नंबर असतो. आकडा मोठा, तितकं तेल दाट. आकडा लहान, तितकं ते पातळ. आणि ऋतू पाहून तेल बदलायचं असतं."

"म्हंजे आपन हिवाळ्यात तिळाची चटनी खातो अन् उन्हाळ्यात पन्हं पेतो, तसं," कडूबा म्हणाला.

"तसंच. समर म्हणजे उन्हाळा. उन्हाळ्यात चाळीस नंबर. विंटर म्हणजे हिवाळा. हिवाळ्यात वीस नंबर."

"दादा, चाळीसचा डबा तं माह्या दुकानात पडेल हाये," निवृत्ती म्हणाला. "विहिरीवरच्या इंजिनाले मी तेच टाकतो. ते नाई चालनार?"

"आता काय चालू आहे निवृत्ती? उन्हाळा का हिवाळा?"

सगळे हसले. शालिग्राम स्वतःही दचकला. चारचौघांत थट्टा केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"बाप्पा! दात वाजून राह्यले माहे," कडूबा म्हणाला. "यापरीस आनखी कोनता हिवाळा पाह्यजे त्या इंग्रजाले?"

तक्त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. शालिग्रामची नजर तिच्यावर गेली. 'कंट्रीज' कळलं. 'थ्रूआउट द इयर' कळलं. त्यांच्या आधीचा एक शब्द मात्र अडला. 'ट्रॉपिकल'. कुठे तरी पाहिलेला होता, पण अर्थ हाताला लागेना.

"अन् हे खाली बारीक काय लिवलं?" पंजाबरावाने वाकून बोट ठेवलं.

वाचनालय फार लांब नव्हतं. कपाटात जाडा कोश होता. 'थांबा, पाहून येतो,' एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण मग मास्तरलाही पाहून यावं लागतं हे शेकोटीभोवतीच्या सगळ्यांना कळलं असतं, आणि आत्ता तर सगळे त्याच्या विनोदावर हसले होते.

शालिग्रामने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला.

"किरकोळ सूचना आहे," तो म्हणाला आणि त्याने पुस्तक मिटलं.

वीस नंबरचं तेल गावात नव्हतंच. मलकापूरला जाणाऱ्या माणसाकरवी ते मुद्दाम मागवलं, आणि दुसऱ्या दिवशी निवृत्तीने ते गाडीत भरलं. पुस्तक पंजाबरावाने मास्तरकडेच ठेवायला दिलं. "तुमच्यापाशीच बरं. आमाले ते काय कामाचं?"

त्याच दुपारी वाचनालयात कोणी नसताना शालिग्रामने कोश काढला. ट्रॉपिकल. उष्ण कटिबंधातील.

उष्ण कटिबंध! लहानपणी भूगोलाच्या तासाला त्याने हे शब्द घोकले होते. नकाशात हिंदुस्थानावरून जाणारी ती तुटक रेघ त्याने रंगीत पेन्सिलीने गिरवली होती. मराठीत सगळं येत होतं, इंग्रजीत तेच समोर आलं तेव्हा ओळखीचं वाटलं नाही. आता ओळ सरळ लागली. उष्ण कटिबंधातल्या देशांत बारा महिने उन्हाळ्याचंच तेल वापरावं. म्हणजे चाळीस. म्हणजे निवृत्तीच्या दुकानात होतं ते.

तो तसाच उठला आणि पंजाबरावाच्या घराकडे निघाला. अंगणात गाडी गोल गोल फिरत होती. पंजाबराव वर बसला होता, पोरं मागे ओरडत पळत होती, पंजाबरावाची बायको वच्छलाबाई दारात पदर तोंडाला लावून हसत होती. शालिग्रामला पाहून पंजाबरावाने गाडी थांबवली.

"मास्तर! तुमचं तेल एक नंबर हाये. गाडी कशी लोन्यावानी चालून राह्यली पाहा!"

"हो का," शालिग्राम म्हणाला. "ते... पंजाबराव..."

"काय?"

"काही नाही. जपून चालवा."

परत येताना त्याने स्वतःची समजूत घातली. थंडी तर खरीच आहे. इंग्रज प्रत्येक गोष्टीत जास्तीचं लिहितात. होळीनंतर ऊन तापलं की 'आता उन्हाळ्याचं तेल घाला' असं आपणच सांगू, कोणाला काही कळणार नाही. रस्ताभर तो हे स्वतःशी बोलत होता, आणि रस्ताभर त्याला माहीत होतं की आपण हे का बोलतो आहोत.

पुढच्या आठवड्यात पंजाबरावाचा साडू आला, चिखलीचा हिंमतराव. हिंमतरावाची तिथल्या बाजारात अडत होती, आणि देह अडत्याला शोभेल असा. त्याला मागे बसवून बुलढाण्याला नेऊन आणायचं पंजाबरावाने ठरवलं. मोताळ्यापर्यंत दोघं वाऱ्यासारखे गेले. राजूरचा घाट लागला तेव्हा डोक्यावर ऊन आलं होतं. पौषातली सकाळ कितीही गार असो, त्या घाटात दुपारी दगड तापतातच. अर्धा चढ झाल्यावर इंजिनातून टाळ वाजवल्यासारखा आवाज येऊ लागला. हिंमतराव म्हणाला, "हे काय वाजून राह्यलं?" पंजाबराव म्हणाला, "ताकद लावून राह्यली ती." आणि वळणावर, मागून एसटी येत असताना, गाडी एक आचका देऊन जागच्या जागी अडली. चाक फिरेना. हिंमतराव रस्त्यावर बसता झाला. एसटीतली सगळी माणसं खिडक्यांतून डोकी काढून पाहत पुढे गेली. नंतर गिअर काढल्यावर चाक सुटलं, तेव्हा ते दोघं गाडीवर बसून, इंजिन बंद, आवाज नाही, असे उतारावरून राजूरपर्यंत मागे घरंगळत आले, आणि तिथून गाडी बैलगाडीत घालून दुसऱ्या दिवशी गावात आणली.

तो बाजाराचा दिवस होता. बैलगाडी भर बाजारातून आली. वर आडवी टाकलेली मोटारसायकल, तिला धरून बसलेला हिंमतराव, आणि बाजूने पायी चालणारा पंजाबराव, धुळीने पांढरा. बैलगाडी त्याने घराकडे नेली नाही. निवृत्तीच्या दुकानापुढे उभी केली.

"भाईर ये बे निवृत्ती!"

निवृत्ती हात पुसत बाहेर आला. गाडीकडे पाहिलं. किक दाबून पाहिली, ती दगडासारखी घट्ट.

"धरलं इंजिन. आतून जाम झालं," तो हळूच म्हणाला.

"धरलं? तूनं भरलं ना तेल? का तेलाच्या जागी पानी भरलं बे? माह्या साडूले रस्त्यावर पाडलं तूनं! अरे, पान्हा धरता येत नाई तं बैलं चार ना!" पंजाबराव बाजाराकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आयका रे! माह्या दोन्ही विहिरीवरचे इंजिन उद्यापासून मोताळ्याचा मिस्त्री पाहीन. अन् ज्याले आपलं इंजिन भंगारात घालाचं असंन त्यानं या निवृत्तीकडं आनावं!"

लोक थांबले होते. भाजीवाल्या मनकर्णाबाईने तागडी तशीच हवेत धरली होती. शालिग्राम बाजारापलीकडे वाचनालयाच्या दारात उभा होता. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता, दुसरा आत. आत्ता, तो मनात म्हणत होता. आत्ता बोल. बाहेरचा पाय पुढे जाईना.

निवृत्तीने गर्दीवरून मान उचलून एकदा दादाकडे पाहिलं. नजर तिथे थांबली नाही. लगेच खाली आली.

"हाव पंजाबराव," तो म्हणाला. "माह्यंच चुकलं. तेलात घोळ झाला माह्याकून."

शालिग्रामने बाहेरचा पाय आत घेतला.

संध्याकाळी दोघं भाऊ जेवायला बसले. वाढत होती सरस्वतीबाई. निवृत्तीची बायको गोजरबाई आत चुलीपाशी होती. शालिग्राम तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ, त्यामुळे ती त्याच्यासमोर कधी येत नसे, त्याच्याशी थेट बोलत नसे. काही सांगायचं असलं तर जावेला सांगायची, आणि ते भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात.

"बाई," आतून तिचा आवाज आला, "दोन जन आज आपले इंजिन घिऊन गेले दुकानातून. अर्धे खोलेल होते, तसेच नेले. आता भासऱ्याइले एक इचाराचं होतं. पुस्तकात वीसच लिवलं होतं ना?"

सरस्वतीबाईने नवऱ्याकडे पाहिलं. निरोप पोचवायची गरजच नव्हती.

"भाकर दे वं," निवृत्ती आतल्या दिशेने ओरडला. "जेवताना काऊन तेल काढून राह्यली?"

भाकर आली. शालिग्रामने एक तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"निवृत्ती, त्या तक्त्याखाली एक ओळ होती."

"मले मालूम हाये."

"काय मालूम आहे?"

"ओळ नाई मालूम. पर तुमी किरकोळ म्हनले तवा चष्मा पुसला. लटकं बोलता तवाच पुसता तुमी. लहानपनापासून पाहून राह्यलो मी."

"मग बाजारात का नाही सांगितलंस?"

निवृत्ती चटणीत बोट फिरवत राहिला. "माह्यं काय दादा? माहे हात तसेबी काळेच असतात. तुमचं नाव गेलं तं गावाले वाचून कोन दाखवन?"

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. शालिग्रामला वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताटातली भाकर त्याने संपवली, कारण उठून गेलं असतं तर तेही एक नाटक झालं असतं. त्या घासांची चव त्याला कळली नाही.

सकाळी तो पंजाबरावाकडे गेला. निवृत्ती आधीच तिथे होता. गाडी खोलून तरी पाहू द्या म्हणून विनवत होता आणि पंजाबराव त्याला ओसरीवर चढू देत नव्हता. शेकोटीपाशी कडूबा आणि नेहमीची माणसं बसली होती. हिंमतराव पाठीला शेक घेत होता.

"पंजाबराव," शालिग्राम म्हणाला. आवाज पार बसलेला. "चूक निवृत्तीची नाही, माझी आहे. मी चुकीचं तेल सांगितलं."

पंजाबरावाने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला.

"मास्तर, बसा. चहा घ्या."

"नाही, ऐकून घ्या. पुस्तकात चाळीस नंबरच होतं."

"तवा तं वीस वाचलं तुमी. साऱ्या गावानं आयकलं."

"वीस होतं, पण खाली..." त्याने पुस्तक उघडून ती ओळ इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली. सगळे कौतुकाने ऐकत होते. वाचून झाल्यावर पंजाबराव हिंमतरावाकडे वळला.

"पाह्यलं साडूबुवा? हे आमचे मास्तर. भावासाठी स्वतःवर घिऊन राह्यले. असा मानूस नाई भेटत."

"मी खोटं बोलत नाही हो!"

"बोला ना मास्तर, भावासाठीच बोलून राह्यले. इंग्रजी तं आमाले येत नाई. तुमी आज एक वाचलं, उद्या दुसरं वाचान, आमी काय म्हननार? पर म्या त्या घाटात जे भोगलं ते भोगलं."

"मी म्हनतो ना, घोळ माह्याकूनच झाला," निवृत्ती मध्येच बोलला. "दादा, तुमी जा घरी. थंडी हाये."

कडूबाने उठून शालिग्रामच्या खांद्यावरून घसरलेली शाल सारखी केली. "देवमानूस," तो शेजारच्याला म्हणाला.

शालिग्राम घरी आला आणि माजघरात भिंतीला टेकून बसला. खोटं बोललो तेव्हा खरं मानलं, आता खरं बोललो तर मोठेपणा मानला. त्याला स्वतःची किळस आली. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या शब्दाने, देवमाणूस या शब्दाने, क्षणभर त्याला बरंही वाटलं होतं. ते बरं वाटणं त्याला आता अंगावर पाल पडल्यासारखं झटकावंसं वाटत होतं.

समोरच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली होती. थंडीने तेल पांढरं, घट्ट झालं होतं. गोजरबाईने दाराआडून हात लांबवून ती बाटली घेतली, चुलीच्या कडेला ठेवली, आणि जरा वेळाने त्यातलं तेल पाण्यासारखं हातावर ओतून घेतलं. शालिग्राम पाहत होता. ओसरीत बाहेर कितीही गारठा असो, बाटली चुलीजवळ होती.

"अगं," त्याने सरस्वतीबाईला हाक मारली, "दोन पळ्या पाहिजेत मला. लोखंडी. आणि जुना पत्र्याचा तुकडा."

"काऊन?"

दाराआडून एक हात बाहेर आला. त्या हातात दोन पळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंजाबरावाच्या अंगणातल्या माणसांना मास्तर येताना दिसला तो असा: एका काखेत पत्रा, दुसऱ्या काखेत पळ्या, दोन्ही हातांत तेलाचे डबे, आणि शाल जमिनीवर लोळत असलेली. एका डब्यात गाडीत भरून उरलेलं वीस नंबरचं तेल, दुसऱ्यात निवृत्तीच्या दुकानातलं चाळीसचं.

"मास्तर, भजे काढता का काय?" कडूबा म्हणाला.

शालिग्रामने कोणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो परत फिरला असता. त्याने पत्रा दगडाला तिरपा टेकवला आणि दोन पळ्यांत दोन तेलं घेऊन शेजारी शेजारी ओतली. गारठ्यात दोन्ही सावकाश उतरली. चाळीसचं जरा मागे राहिलं, इतकंच.

"हे थंड," तो म्हणाला.

मग त्याने पत्रा राखेने पुसला, पळ्या पुन्हा भरल्या आणि शेकोटीवर धरल्या. धुराने चष्मा धुरकटला. एका पळीचा दांडा तापला आणि बोटांना चटका बसला, तरी त्याने ती सोडली नाही. आता लोक उठून जवळ आले होते. निवृत्तीही दुकानातून धावत आला होता आणि दारात थांबला होता.

शालिग्रामने दोन्ही पळ्या तिरप्या केल्या. चाळीसचं तेल धावलं, पण मागे पत्र्यावर जाड, चकाकता लेप ठेवून गेलं. वीसचं चहासारखं पळालं आणि मातीत मुरलं. मागे पत्रा जवळजवळ कोरडा.

"इंजिनाच्या पोटात हे असं असते," तो म्हणाला. त्याची पुस्तकी भाषा कधी सुटली ते त्याला कळलं नाही. "भाईर पौष असो नाई तं मार्गशीर्ष, आत बाराही महिने वैशाख हाये. त्यात दोन मानसं, त्यात घाटाचा चढ. कोरड्या लोखंडावर लोखंड घासलं. निवृत्तीनं मी सांगतलं तेच तेल टाकलं."

"पर पुस्तकात तं हिवाळ्याले वीस लिवलं," हिंमतराव म्हणाला.

"तो त्याइचा हिवाळा. तिथं नदीचं पानी गोठून दगड होते, त्यावरून लोकं चालतात. आपला पौष त्याइच्या उन्हाळ्याएवढा. म्हनून खाली लिवलं होतं, गरम देशात बारा महिने चाळीस टाका. मी ते पाह्यलं होतं." तो थांबला. "त्यातला एक शब्द मले आला नाई. आला नाई म्हनाची लाज वाटली. मंग दुसऱ्या दिवशी कोशात सापडला. तवा चूक झाली म्हनाची लाज वाटली. मी इथपर्यंत आलो होतो पंजाबराव. तुमी गाडी फिरवून राह्यले होते. मी तसाच परत गेलो."

देखणा म्हणून बाजारातून आणलेल्या बैलाने घरी आल्यावर पाय आखडावा आणि धन्याने त्याच्याकडे पाहावं, तसं पंजाबराव शालिग्रामकडे पाहत होता. शालिग्रामने ती नजर घेतली. मान खाली घातली नाही, पण वर कशी राहिली हेही त्याला सांगता आलं नसतं.

मग कडूबाने अंगावरचं घोंगडं झटक्यात काढलं.

"म्हंजे आपल्या गावात हिवाळा येतच नाई! अन् मी येड्यावानी सकाळपासून कुडकुडून राह्यलो!"

अंगणात हशा फुटला. हिंमतराव पाठ धरून हसला. वच्छलाबाई दारात हसली, पोरं हसली, न समजलेलीही हसली. पंजाबराव हसला नाही. त्याने जमिनीवरची शाल उचलून ओट्यावर ठेवली, शालिग्रामच्या खांद्यावर नाही, आणि दाराकडे पाहून म्हणाला, "निवृत्ती, काय पाहून राह्यला बे? आन पान्हे. खोल गाडी. अन् खालच्या विहिरीवरचं इंजिन धूर टाकून राह्यलं, तेबी आजच पाह्य."

निवृत्ती पान्हे आणायला वळला. शालिग्रामने पळ्या गोळा केल्या. एक काळी झाली होती. ती राखेने घासत तो जरा वेळ तिथेच बसला, कारण उठून इतक्या लोकांमधून चालत जायचं होतं.

मोताळ्याच्या मिस्त्र्याला बोलावणं गेलं नाही. अर्धवट खोललेली इंजिनं दुकानात परत आली. मास्तरला मात्र एक नवीन गोष्ट मिळाली. कोणी काही छातीठोकपणे सांगू लागला की ऐकणारा म्हणायचा, "पाहून सांगजो, नाई तं मास्तरचा हिवाळा व्हायचा." कापसाच्या वजनावरून वाद झाला, म्हणाले मास्तरचा हिवाळा. नव्या सुनेने आमटीत मीठ दोनदा घातलं, तोही मास्तरचा हिवाळा. मनकर्णाबाई तागडी उचलताना हटकून म्हणायची. लोक त्याच्या तोंडावर म्हणत आणि त्यात वाकडं काही नसे, पण दर वेळी शालिग्रामच्या कानांच्या पाळ्या तापत. लोक अजूनही कागद आणत. फक्त आता वाचून झालं की जरा थांबत आणि विचारत, "खाली बारीक काही नाई ना मास्तर?"

माघ सरत आला तेव्हा अकोल्याहून पिस्टनच्या रिंगा आल्या आणि गाडी जुळली. पंजाबरावाचं अंगण पुन्हा भरलं. निवृत्तीने चाळीसचा डबा आणून ठेवला होता, त्याचं झाकणही काढलेलं होतं. नसराळं इंजिनाच्या तोंडाला लावून तो एकाएकी थांबला आणि त्याने मागे, गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या भावाला हाक मारली.

"दादा, कोनतं टाकू?"

सगळे वळले. कोणतं टाकायचं ते आता अंगणातल्या पोरांनाही पाठ होतं. निवृत्तीच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तो खरंच वाट पाहत होता. शालिग्रामला कळलं की आपल्याला काय परत दिलं जातंय आणि कोण देतंय, आणि आजवर कधी वाटली नव्हती इतकी लाज त्याला वाटली.

त्याने काखेतलं पुस्तक काढलं. चष्म्याची काच धुरकट होती, तरी ती पुसायला हात गेला नाही. तो गाडीजवळ आला, पान उघडलं आणि तक्ता सोडून थेट खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"थांब," तो म्हणाला. "सगळं वाचतो."

आणि एकेक शब्द लावत, अडखळत, तो ती बारीक ओळ वाचू लागला. निवृत्ती तेलाचा डबा तिरपा धरून थांबून राहिला.